सोन्याचं पाणी आणि लाकडी पेन

मराठीत ‘मुलामा’ हा शब्द आपण चांगल्या अर्थाने क्वचितच वापरतो. कुणाच्या वागण्याला सभ्यतेचा मुलामा असतो, कुणाच्या स्वार्थाला समाजसेवेचा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे: चकाकी दिलेले. त्यात फसवणूक नव्हती, ती आपण नंतर घातली.

हे आठवायला कारण झाले माझ्या एका मित्राचे पेन. निवृत्तीनंतर त्याने घरी छोटा लेथ बसवला आणि पडलेल्या फणसाच्या लाकडातून एक पेन कातून काढले. आमच्या कोकणपट्टीत ही कला नवी नाही. सावंतवाडीच्या कारागिरांनी आणि गोव्यातल्या चितारींनी लाकूड कातून त्यावर लाखेचे रंग चढवण्यात पिढ्या घालवल्या आहेत. लाकूड मित्राचे होते, पण टोक, मधली कडी आणि क्लिप हे धातूचे भाग विकत आणलेले, सोनेरी. दोन पावसाळे गेले. फणसाचे लाकूड हाताळून हाताळून मधासारखे गडद झाले. सोने मात्र नेमके बोट टेकते तिथून गेले आणि खालचा करडा धातू दिसू लागला. क्लिपच्या वळणात हिरवट ठिपके आले. मित्र म्हणाला, ‘‘फसवलं रे दुकानदाराने, सोनं खोटं होतं.’’

सोने खोटे नव्हते. त्याच्याकडून जे काम अपेक्षित होते, ते सोन्याचे नव्हतेच.

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलची मुख्य वेदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सोने लाकडावर किती टिकू शकते हे सांगायला नको. ते काम सतराव्या शतकातले. कोरीव लाकडावर खडू आणि सरसाचा लेप, त्यावर तांबूस मातीचा हात आणि वर सोन्याचा वर्ख. अशा वर्खाची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाजारातल्या बऱ्याच सोनेरी पेनांवरचा थरही याहून पातळ नसतो. तरी वेदीवर सोने उरते आणि पेनावरचे जाते, कारण वेदीला कुणी रोज बोटे लावत नाही. सोन्याला हवा, पाणी किंवा मीठ खात नाही. पण शुद्ध सोने मऊ असते आणि घासले की झिजते. गंज आणि झीज हे दोन वेगळे शत्रू आहेत. मुलाम्याचा इतिहास वाचताना हा फरक लक्षात ठेवला की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

विजेच्या आधी धातूवर सोने पक्के बसवण्याचा मुख्य मार्ग पाऱ्याचा होता. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा करायचा, तो पितळेवर किंवा चांदीवर सारवायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा उडून जातो, सोने राहते. हा थर जाड बसे आणि धातूशी एकजीव होई. दोनशे वर्षांपूर्वीची अशी घड्याळे आणि शमादाने आजही उजळ दिसतात. पण उडालेला पारा कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात पडत, बुद्धी भ्रमिष्ट होई. पॅरिसमधला नामांकित ब्राँझकार रावरिओ १८१४ मध्ये वारला, तेव्हा त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँक वेगळे ठेवले होते. मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधेल, त्याच्यासाठी. ते बक्षीस दार्से या रसायनशास्त्रज्ञाला मिळाले. पाऱ्याच्या वाफा जोराने ओढून घेणारे धुरांडे त्याने बांधून दाखवले आणि १८१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. ज्या धंद्यावर आपण श्रीमंत झालो, तो आपल्या माणसांना मारतो आहे, हे एका मालकाने मरताना लिहून ठेवावे, ही गोष्ट मला मोठी वाटते.

खरी सुटका विजेने केली. व्होल्टाने १८०० मध्ये विद्युतघट जाहीर केला आणि त्याचाच सहकारी ब्रुन्याटेली याने १८०५ मध्ये त्या विजेने चांदीच्या दोन मोठ्या पदकांवर सोने चढवले. या शोधाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे बर्मिंगहॅमचा एक शल्यवैद्य जॉन राइट याला दिसून आले की सायनाइडच्या द्रावणातून सोन्या-चांदीचा थर घट्ट आणि सारखा बसतो. एल्किंग्टन बंधूंनी (ते खरे तर चुलतभाऊ) ही युक्ती विकत घेऊन १८४० च्या आपल्या पेटंटात घातली. १८४४ मध्ये वूलरिच नावाच्या गृहस्थाने बांधलेले विद्युतजनित्र त्यांच्या कारखान्यात फिरू लागले. कारखान्यात विजेचा उपयोग होण्याच्या जगातल्या पहिल्या प्रसंगांपैकी हा एक, आणि तो दिवा लावण्यासाठी नव्हता, मुलाम्यासाठी होता.

या धंद्यात एल्किंग्टनना भांडवल पुरवून भागीदार झाला तो जोसाया मेसन, जगातला एक मोठा निबवाला. बर्मिंगहॅम हे तेव्हा पोलादी निबांचे माहेरघर होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी बोरू टाकून हातात घेतलेला टाक, म्हणजे लाकडी दांडी आणि तिला खोचलेली पोलादी निब, त्यातल्या निबा मोठ्या प्रमाणावर याच गावातून येत. निब आणि मुलामा हे दोन्ही धंदे असे एका माणसाच्या तिजोरीत एकत्र आले. त्या पैशातून मेसनने विज्ञान महाविद्यालय काढले आणि त्यातूनच पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठ उभे राहिले.

विजेने कारागिराला पाऱ्यातून सोडवले, पण सोबत एक मोहही आणला. पाऱ्याने थर फार पातळ देता येत नसे. विजेने तो हवा तितका पातळ देता येतो. अमेरिकेच्या व्यापारी नियमांत जाड मुलाम्याला २.५ मायक्रॉन लागतात, तर साध्या मुलाम्याला ०.१७५ मायक्रॉन पुरतात. डोळ्याला दोन्ही सारखेच पिवळे दिसतात. बोटाला फरक कळतो, पण काही महिन्यांनी. सोन्याच्या खाली निकेलचा अडसर नसेल, तर पितळेतले तांबे हळूहळू सोन्यात झिरपून वर येते आणि रंग बिघडतो. थर पातळ असला की त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि समुद्राकाठची दमट हवा व हाताचा खारट घाम तिथूनच खाली उतरतात. मित्राच्या क्लिपवरचा हिरवा ठिपका असाच आला होता.

झिजेशी लढायला पुढच्या पिढ्यांनी सोने बाजूला ठेवले. १८६९ मध्ये बॉस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्सने निकेलच्या मुलाम्याचे पेटंट घेतले. १९१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या वॉट्सने सांगितलेले निकेलचे द्रावण थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. १९२० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंकने क्रोमियमचा मुलामा कारखान्यात जमेल असा केला. क्रोमियमचा थर मायक्रॉनच्या अर्ध्याहूनही पातळ असतो, पण तो सोन्याच्या कित्येक पट कठीण. गंज अडवण्याचे खरे काम त्याच्याखालचे निकेल करते, क्रोमियम फक्त ओरखडे झेलते. दोन शत्रूंसाठी दोन पहारेकरी. ऱ्होडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू तसाच कठीण आणि पांढराशुभ्र. आम्लांना तो दाद देत नाही, पण फार महाग. आणि सोनेरीच रंग हवा असेल, तर टायटॅनियम नायट्राइड. १९८० च्या दशकात ड्रिलच्या टोकांवर पिवळा थर दिसू लागला, तो हाच. निर्वात पेटीत तो चढवतात आणि कठीणपणात तो क्रोमियमच्याही पुढे जातो.

रावरिओची चिंता मात्र संपलेली नाही. पारा गेला तेव्हा सायनाइड आले. क्रोमियमच्या द्रावणात जे षट्संयुजी क्रोमियम असते, ते फुप्फुसाचा कर्करोग करते. युरोपीय संघात २०१७ पासून ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. निकेलने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते, म्हणून त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावे यावर युरोपने १९९४ मध्येच मर्यादा घातली. आपल्याकडे आडगल्लीतल्या एखाद्या प्लेटिंगच्या खोलीत द्रावणावर वाकलेल्या पोराच्या नाकाशी धुरांडे आहे की नाही, हे स्वस्त पेन घेताना आपण विचारत नाही. दार्सेने ते दोनशे वर्षांपूर्वी बांधून दाखवले होते.

मित्राने विचारले, मग आता घेऊ काय? मी म्हटले, रोज लिहायचे असेल तर पितळेच्या भागांवर निकेल आणि वर क्रोमियम. लाकूड काळसर असेल आणि खिसा जड असेल तर ऱ्होडियम. सोनेरीच हवे तर टायटॅनियम नायट्राइड. खरे सोने हवे तर थराची जाडी विचार, आणि ते कडीवर ठेव, बोट टेकते तिथे नको.

तो हसला आणि म्हणाला, ‘‘आमच्या आईने कल्हई केलेल्या पातेल्याला कधी खोटं म्हटलं नाही.’’ खरे आहे. कल्हई हाही मुलामाच. पण ती आंबट आमटीला पितळेपासून वाचवण्यासाठी होती, श्रीमंती दाखवण्यासाठी नव्हती. ती झिजणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असे, आणि कल्हईवाला पुन्हा दारात येई.

नव्या पेनाला त्याने क्रोमियमचे भाग लावले आहेत. जुने पेन टाकलेले नाही. सोने गेलेल्या जागी त्याचे बोट आता नेमके बसते.