झडपेवरचे वजन

बॉयलरखाना पाहिलेल्या माणसाला दाब म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. पण त्या दाबाचा हिशेब प्रथम कोणी मांडला, हे आम्हांला पुष्कळ उशिरा, वाचनालयात बसून कळले. तो मनुष्य पॅरिसचा गिलोम आमोंताँ. पोरवयातच त्याला बहिरेपण आले. विद्यापीठाची पायरी तो चढला नाही. (तो आम्हांला जवळचा वाटला तर नवल काय!) १७०२ च्या सुमारास त्याने काचेच्या गोळ्यात हवा कोंडली, पाऱ्याने वाट अडवली आणि गोळा उकळत्या पाण्यात धरला. हवेला पसरायला जागा नाही. दाब वाढला, सुमारे एक-तृतीयांशाने. मुळात दुप्पट दाबाची हवा घेतली, तर वाढही दुप्पट!

एवढीच वाढ असती, तर बॉयलर असा घातकी ठरला नसता. त्यात खाली पाणी असते. आच वाढली की कोंडलेली वाफ तापतेच, शिवाय नवी वाफ त्याच जागेत शिरते. म्हणून १०० अंशांवर वातावरणाएवढा असलेला दाब १२० अंशांवर दुप्पट आणि १८० अंशांवर जवळजवळ दसपट होतो. शेवटच्या काही अंशांतच घात असतो.

ही गोष्ट देनी पापँने आधीच ओळखली होती. १६७९ साली लंडनमध्ये त्याने हाडे शिजवण्याचे बंद भांडे दाखवले. त्याच्या झडपेवर तरफ आणि तरफेवर वजन. दाब हद्दीबाहेर गेला की वाफ आपणच वजन उचलून बाहेर पडे. युक्ती सोपी, आणि तितकीच सोपी तिची लबाडी. वजन वाढवा, झडप बांधून टाका, की त्याच बॉयलरातून जास्त काम निघते. इंग्लंडात असे प्रकार झाले, बॉयलर फुटले, माणसे मेली. बॉयलर-स्फोटांच्या सरकारी चौकशीचा कायदा तिथे १८८२ साली झाला. पापँपासून दोनशे वर्षांनी!

अमेरिकेत ब्रॉक्टनच्या जोड्यांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी नवा बॉयलर दुरुस्तीला काढून जुना पेटवला होता. तो फुटला, ५८ माणसे गेली. मॅसॅच्युसेट्सने बॉयलरचे नियम केले ते त्यानंतर, १९०७ मध्ये.

आपल्याकडचा १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ साली नवा आला. काही गुन्ह्यांवरची फौजदारी शिक्षा त्यात काढली आहे. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करणाऱ्याला मात्र तुरुंगाची तरतूद कायम आहे.