वाटेवरची वाई

कबूल करतो, पुण्याहून महाबळेश्वरला दहा वेळा तरी गेलो असेन, पण वाई म्हणजे माझ्यासाठी पसरणी घाटाआधीचा चहा! मग लेडी फॉकलंडचं १८५७ सालचं ‘चाउ-चाउ’ हाती लागलं. मुंबईच्या गव्हर्नरची ही बायको महाबळेश्वरच्या थंड हवेला जायची, पण वाईवरही तिने लिहिलंय. म्हटलं, मडमेला जे दिसलं ते आपल्याला का नाही?

रविवारी आईला घेऊन गाडी गावात वळवली. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगावं म्हणून.

“इतकी वर्षं सांगत होते, थांब जरा,” आई म्हणाली. आता तिचे गुडघे पायऱ्या उतरत नाहीत. मीही वरच बसलो. महाबळेश्वर राहिलं.