स्वमग्नता : इतर मज्जाविकार असलेल्या लहान मुलांमधील ओळख

अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, ट्यूबरस स्क्लेरोसिस यांसारखा मेंदूचा विकार असल्याचे ज्या लहान मुलाबाबत आधीच ठरले आहे, त्याला स्वमग्नता म्हणजे ऑटिझमही असेल का, याचा शोध हा या नोंदीचा विषय आहे. अशा मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि तरीही ती अनेकदा उशिरा लक्षात येते. पहिला आजार पुढच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होऊन बसतो, हे त्याचे मुख्य कारण. फिट्स येतात म्हणून बोलत नाही, जन्मल्याबरोबर रडला नाही म्हणून असा वागतो, औषधांमुळे गुंगीत असतो, ही स्पष्टीकरणे घरातही चालतात आणि बाह्यरुग्ण विभागातही. त्यांतली काही खरीही असतात, आणि खरा घोटाळा तिथेच आहे. मेंदूच्या ज्ञात विकाराने शंका मिटत नाही, उलट ती घ्यायला आणखी एक कारण मिळते. मात्र ती तपासताना सर्वसाधारण मुलाची फूटपट्टी लावून चालत नाही. मुलाच्या अंगी जेवढी क्षमता आहे, तेवढी ते दुसऱ्या माणसाशी नाते जोडायला वापरते का, हे पाहावे लागते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये मिळतो. सुमारे ६,००० जन्मांमागे एका बाळाला होणारा हा जनुकीय विकार फ्रेंच वैद्य बूर्नव्हिल यांनी १८८० मध्ये वर्णिला. त्यात मेंदूत गाठी होतात, त्वचेवर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग दिसतात आणि हृदयातील गाठी कधी कधी गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच सापडतात. या मुलांपैकी बहुसंख्यांना फिट्स येतात, आणि जवळजवळ ४० ते ५० टक्के मुलांत स्वमग्नतेचे निदान होते. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या वर्णनातून स्वमग्नतेला वैद्यकात स्थान दिले ते १९४३ मध्ये. त्याच्या ११ वर्षे आधी, १९३२ मध्ये, क्रिचली आणि अर्ल यांनी ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या रुग्णांबद्दल लिहिताना माणसांपासून तुटलेपणा आणि तीच ती हालचाल करत राहण्याची सवय टिपून ठेवली होती. म्हणजे लक्षणे डोळ्यांसमोर होती, पण मूळ आजाराच्या नावाखाली ती गुंडाळली गेली.

हे सगळे फिट्समुळेच घडते असे म्हणावे, तर तेही पुरते जुळत नाही. पहिल्या वर्षात सुरू झालेल्या आणि आटोक्यात न येणाऱ्या फिट्सचा स्वमग्नतेशी संबंध आहे, यात शंका नाही. पण फिट्स कधीच न आलेल्या काही मुलांतही ती आढळते. फिट्स सुरू होण्याआधीच त्यांवरचे व्हिगाबॅट्रिन हे औषध द्यावे आणि विकासावर होणारा परिणाम टाळावा, या आशेने युरोपात ‘एपिस्टॉप’ आणि अमेरिकेत ‘प्रिव्हेंट’ या चाचण्या झाल्या. अर्भकांत होणारे विशिष्ट झटके त्या औषधाने कमी झाले, पण दोन वर्षांच्या वयात विकासाच्या मोजमापात अपेक्षित फरक दिसला नाही. तेव्हा फिट्स आटोक्यात आल्या की बाकीचे आपोआप मार्गी लागेल, हा दिलासा देताना डॉक्टरांनी जपून बोललेले बरे. या विकारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर वर्तन आणि विकासाची चौकशी दरवर्षी करावी, असेच सुचवले आहे.

सेरेब्रल पाल्सीत प्रश्न वेगळ्या बाजूने अवघड होतो. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत आठ वर्षांच्या अशा मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांत स्वमग्नता आढळली. त्या वेळी तिथल्या एकूण मुलांतले प्रमाण सुमारे १ टक्का होते. स्नायू ताठ होण्याऐवजी शिथिल राहणाऱ्या मुलांत ते ७ टक्क्यांहूनही बरेच वर गेले. पण सेरेब्रल पाल्सीत चाळणी चाचण्या उलट दिशेनेही फसवतात. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वापरली जाणारी ‘एम-चॅट’ ही २० प्रश्नांची यादी पालकांना विचारते : मूल बोट दाखवते का, चालते का, वस्तू आणून दाखवते का. ज्याचा हातच वर उठत नाही त्याच्या बाबतीत याचे उत्तर ‘नाही’ येणारच. अमेरिकेत अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पाठपुरावा झाला, तेव्हा दोन वर्षांच्या वयात सुमारे २१ टक्के मुले या चाळणीत अडकली. ज्यांना चालणे, दिसणे, ऐकणे किंवा समज यांत मोठी अडचण होती त्यांना वगळल्यावर प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, आणि त्याच गटातील मुले दहा वर्षांची झाल्यावर स्वमग्नतेचे निदान सुमारे ७ टक्के मुलांत झाले. प्रश्नावलीचा आकडा हाती घेऊन लगेच निदान सांगणे किती धोक्याचे, हे यावरून कळावे.

मग पाहायचे काय? मान सावरणारे, पण बोट रोखता न येणारे दोन वर्षांचे मूल घ्या. भरवताना आई म्हणते, “तो बघ काऊ.” मूल खिडकीकडे बघते, कावळा उडून जातो, आणि ते वळून आईच्या तोंडाकडे बघून हसते. बोट उचलले गेले नाही, पण दोघांनी एकच गोष्ट मिळून पाहण्याची क्रिया पूर्ण झाली. आता दुसरे मूल. हातपाय उत्तम चालतात, फिट्सची गोळी चालू आहे. बरणीतला खाऊ हवा असला की ते आईचे मनगट धरून झाकणावर नेऊन ठेवते. तिच्या तोंडाकडे एकदाही बघत नाही. झाकण निघाले की खाऊ घेऊन निघून जाते. पहिल्याचे शरीर जास्त अडलेले आहे, पण जास्त काळजीने तपासायला हवे ते दुसरे मूल. तरी एका प्रसंगावरून निकाल लावू नये. नावाला प्रतिसाद, ‘भोऽक’ केल्यावर पुन्हा कर म्हणून केलेली खूण, दुसऱ्याचे रडणे ऐकून थबकणे, चाके फिरवत बसणे, ठराविक आवाजांचा किंवा स्पर्शांचा त्रास, रोजच्या क्रमात बदल झाला तर होणारा आकांत, हे सारे वेगवेगळ्या वेळी, घरी आणि दवाखान्यात पाहावे लागते. २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या निदानसंहितेतही हेच तत्त्व आहे : सामाजिक संवादाची अडचण मुलाच्या एकूण विकासाच्या पातळीवरून अपेक्षित असते त्याहून जास्त हवी. त्याच संहितेत स्वमग्नतेच्या निदानासोबत ज्ञात वैद्यकीय किंवा जनुकीय विकाराची नोंद करण्याची सोय आहे, म्हणजे दोन्ही निदाने एकत्र नांदू शकतात हे औपचारिकपणे मान्य झालेले आहे.

स्वमग्नतेसारखे दिसणारे, पण वेगळा उपाय मागणारे काही प्रकार आधी बाजूला काढावे लागतात. हाक ऐकून न वळणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी, गरजेप्रमाणे आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणाऱ्या ‘बेरा’सह, व्हायलाच हवी; मेंदूतील दोषामुळे दृष्टी अधू असेल तर नजरेला नजर न देण्याचा अर्थच बदलतो. काही क्षण शून्यात पाहणे ही फिटही असू शकते, आणि हातांची विचित्र वळणे ही स्नायूंच्या ताणाची असू शकतात. अर्भक झोपेतून उठताना ओळीने अनेकदा दचकल्यासारखे हातपाय आखडत असेल आणि त्याच सुमारास त्याचे हसणे कमी झाले असेल, तर पोटात कळ आली म्हणून ग्राइप वॉटर देत बसू नये. विल्यम वेस्ट यांनी १८४१ मध्ये स्वतःच्या मुलाबद्दल लिहिलेला हाच विकार असू शकतो, आणि ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख त्याच आठवड्यात काढणे निकडीचे असते. बोलू लागलेल्या मुलाचे शब्द तीन वर्षांनंतर अचानक गेले, तर लांडाऊ-क्लेफ्नर हा विकार मनात आणून झोपेतला ईईजी काढावा. मुलीचे हातांचे कौशल्य जाऊन सतत हात चोळणे सुरू झाले, तर रेट विकारासाठी ‘एमईसीपी-२’ या जनुकाची तपासणी. फिट्सवरच्या औषधांपैकी फेनोबार्बिटोनने येणारी अस्वस्थता किंवा लेव्हेटिरासिटॅमने येणारी चिडचिड पालकांनी सांगितल्याशिवाय कळत नाही. वर्तन औषध सुरू झाल्यावर बदलले की आधीपासून तसेच होते, एवढा एक प्रश्न बरेच काही उलगडतो.

या भूमिकेवर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. एक असा की, मेंदूला इजा झाली असताना तसे वागणे ‘खरी’ स्वमग्नता नव्हेच. पण स्वमग्नतेचे निदान कारणावरून होत नाही, वर्तनाच्या नमुन्यावरून होते. तो नमुना पुरा भरत असेल तर कारण ठाऊक असल्याने तो नाहीसा होत नाही. दुसरा आक्षेप पालकांच्या बाजूचा : आधीच एक फाइल हातात आहे, त्यात आणखी एक शिक्का कशाला? यात तथ्य आहे, कारण घाईने दिलेले चुकीचे निदान घर हादरवते. मात्र उपचार तेच राहतात, हा समज चुकीचा आहे. फिजिओथेरपीत स्नायू ताणले जातात, पण ती एकटी मुलाला लक्ष वाटून घ्यायला, पाळी घेऊन खेळायला, चित्र दाखवून मागणी करायला शिकवत नाही. त्यासाठी पालकांना प्रशिक्षण देणारी, संवादावर भर देणारी उपचारपद्धती लागते. तिसरा आक्षेप थांबण्याचा आहे : फिट्स थांबू दे, मूल थोडे मोठे होऊ दे, बापही उशिराच बोलला होता. निश्चित निदान लांबवणे कधी कधी शहाणपणाचेच असते. पण संवादाचे काम सुरू करायला निश्चित निदान लागत नाही आणि ते करून मुलाचे नुकसान होत नाही, त्यामुळे ते लांबवण्याला मला तरी आधार दिसत नाही.

भारतात हा प्रश्न अपवादाचा नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इनक्लेन’ या संशोधन-गटाच्या पाहणीत उत्तर गोवा, हैदराबाद, कांगडा, पलवल आणि ढेंकानाल येथील २ ते ९ वर्षांची मुले तपासली गेली, तेव्हा मज्जासंस्थेच्या विकासाचे विकार असलेल्या मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांत एकापेक्षा जास्त विकार होते. याच गटाने भारतीय मुलांसाठी निदानाचे साधनही तयार केले आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ४० कलमांची ‘इसा’ ही मोजपट्टी मात्र तीन वर्षांपुढच्या वयासाठी आहे, आणि हातपाय किंवा दृष्टी अडलेल्या मुलाचे गुण तीत फुगू शकतात, हे तपासणाऱ्याने लक्षात ठेवावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी समाविष्ट आहे आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडे मूल पाठवता येते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि एकाहून अधिक अपंगत्वे ही स्वतंत्रपणे नोंदलेली आहेत. एका निदानाचे प्रमाणपत्र आधी निघालेले असले, तरी दुसऱ्याच्या तपासणीचा अर्ज करायला कायद्याची आडकाठी नाही.