टेलिप्रिंटरची पुनर्भेट

घुग्घुस हें कोळशाचें आणि सिमेंटचें गांव. अशा गांवांत भंगाराचा व्यापार जोरांत चालावा यांत नवल नाहीं. तेथल्याच एका भंगारवाल्याच्या वखारींत दोन वर्षांपूर्वीं मला एक टेलिप्रिंटर दिसला. श्रोत्यांनीं हंसूं नये. लोखंडाच्या भावानें मीं तो विकत घेतला.

मद्रासेस १९६० सालीं निघालेल्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स या सरकारी कारखान्यानें इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीच्या सहकार्यानें हीं यंत्रें बनविलीं. वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, तारघरें, मोठ्या पेढ्या, जेथें निकडीचा मजकूर येई तेथें तीं खडखडत असत. २०१३ च्या जुलैंत तारसेवाच संपली, आणि बहुतेक यंत्रांच्या वांट्यास हातोडा आला.

त्यांची भाषा मात्र मोठी मौजेची. फ्रेंच तारयंत्रज्ञ बोदो यानें १८७४ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतींत प्रत्येक अक्षरास पांच स्पंद. प्रत्येक स्पंदांत प्रवाह आहे किंवा नाहीं. म्हणजे संकेत अवघे ३२! म्हणून एकाच कळीस अक्षराची आणि अंकाची अशा दोन पाळ्या. एका स्पंदास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. आरंभीची व शेवटची खूण धरून मिनिटास चारशें अक्षरें उमटतात.

संगणकाशीं याचें नातें जुनेंच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पुरा झालेला टिफ्रॅक हा संगणक छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरून मजकूर घेई आणि उत्तर टेलिप्रिंटरवर उमटवी. युनिक्सच्या कुळांतले संगणक आजही लेखनस्थानास 'टीटीवाय' म्हणतात, तें टेलिटाइप या शब्दाचेंच आंखूड रूप.

तरीही जोडणी सहज झाली नाहीं. संगणकाचीं अक्षरें पांच स्पंदांत उतरविणारा एक लहानसा कार्यक्रम लिहावा लागला. यंत्राच्या विद्युच्चुंबकास पुरेल असा प्रवाह संगणक देत नाहीं, म्हणून वेगळा वीजपुरवठा आला. पहिल्या रात्रीं प्रत्येक नव्या ओळीचें पहिलें अक्षर कागदाच्या मध्यभागींच उमटे. यंत्राची गाडी डावीकडे परतण्यास वेळ लागतो, हें मीं विसरलों होतों! गाडी परतविण्याचा संकेत आधीं आणि कागद सरकविण्याचा मागाहून, हा जुना क्रम त्यासाठींच होता.

एक खंत मात्र राहिली. माझें यंत्र रोमन लिपीचें आहे. शिवराम शंकर ऊर्फ दादासाहेब आपटे यांनीं १९४८ सालीं काढलेल्या हिंदुस्थान समाचार या वृत्तसंस्थेनें १९५४ सालीं देवनागरी टेलिप्रिंटर वापरांत आणला. तोंपर्यंत देशी भाषांच्या संपादकास यंत्रावर आलेला इंग्रजी मजकूरच भाषांतरित करीत बसावें लागे. स्वर, व्यंजनें, मात्रा आणि जोडाक्षरें मोजक्या कळींवर कशीं बसविलीं, कोणतें अक्षर गाळलें आणि कोणतें राखलें, हें त्या यंत्राच्या कळफलकावरून जितकें स्पष्ट दिसेल तितकें कोणत्याही अहवालांत दिसणार नाहीं. तीं यंत्रें वितळलीं, तर तो पुरावाही वितळला.

वखारवाल्यास मीं बजावून ठेवलें आहे : ज्या यंत्राच्या कळींवर क, ख, ग दिसतील, त्यावर हातोडा घालण्यापूर्वीं मला निरोप धाडावा.