दफनभूमीतला डबा : जिओकॅशिंग नावाच्या खेळाचा एक अवघड अध्याय

आजचा धागा एका खेळाविषयी आणि त्या खेळाच्या वाटेत आलेल्या काही कबरींविषयी आहे.

१ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम घातलेला दोष काढून टाकण्यात आला. तोवर अचूक संकेत सैन्यासाठी राखीव होते आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्र सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकत असे. एका रात्रीत ही चूक दहा-वीस मीटरवर आली. शंभर मीटरच्या घेरात गाव सापडते, दहा मीटरच्या घेरात झाड सापडते. पुढचा सारा इतिहास या फरकातून घडला.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणक-सल्लागाराने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात नोंदवही, पेन्सिल, काही पुस्तके, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले. नियम एवढाच, की काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांच्या आत माइक टीग नावाच्या गृहस्थाने ती बादली शोधून काढली. महिनाअखेरीस मॅट स्टम याने या उद्योगाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले. ‘कॅश’ म्हणजे रानात हिंडणाऱ्या फ्रेंच शिकाऱ्यांनी शिधा दडवून ठेवण्याची जागा. आपल्याकडील धान्याच्या पेवाची आठवण व्हावी, असाच हा शब्द आहे.

(खेळाची कल्पना मात्र त्याहून जुनी. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमीअर पूल येथे एक बाटली ठेवली होती. तिथवर चालत पोचणाऱ्याने तीत आपले भेटपत्र टाकावे, अशी रीत होती.)

डबा दडवायचा तर जागा कशी हवी? रहदारीपासून दूर, पण वाट असलेली. कोणी हटकणार नाही, पण पाहण्यासारखे काही असलेली. अमेरिकेच्या ग्रामीण भागात या वर्णनात हुबेहूब बसणारी एक गोष्ट जागोजाग आढळते. ती म्हणजे लहानशी दफनभूमी. शेताच्या कडेला, टेकाडावर, जुन्या चर्चच्या मागे दहा-वीस कबरी असतात. ज्या कुटुंबांची ती शेते होती, ती केव्हाच पश्चिमेकडे किंवा शहरांकडे निघून गेलेली. कुंपण मोडलेले, गवत माजलेले, शिळा कललेल्या. खेळाडूंचे लक्ष तिकडे गेले नसते तरच नवल. काही वर्षांतच इंडियाना आणि आसपासच्या राज्यांत केवळ दफनभूम्यांच्या शोधाला वाहिलेली ‘स्पिरिट क्वेस्ट’ नावाची मालिका सुरू झाली.

मृतांच्या सान्निध्यात खेळ? आपल्या मनाला हे खटकते. अमेरिकेचा स्वतःचा इतिहास मात्र येथे काहीसा गुंतागुंतीचा आहे. १८३१ मध्ये बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न ही दफनभूमी उघडली, तेव्हा ती मुद्दाम उद्यानासारखी आखली होती. वळणदार वाटा, तळी, वृक्षराजी. शहरांत सार्वजनिक बागा अद्याप व्हायच्या होत्या; त्यामुळे लोक फिरायला, निवांत बसायला तेथेच जात. नकाशे आणि मार्गदर्शिकाही विकल्या जात. अर्थात कबरींमधून हिंडणे या समाजाला मुळातच निषिद्ध नव्हते. हा युक्तिवाद खेळाडूंच्या बाजूने करता येतो, आणि तो पोकळ नाही.

पण माउंट ऑबर्नचा न्याय सगळीकडे लावता येत नाही. २००५ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याच्या प्रतिनिधिगृहात एक विधेयक आले. लेखी परवानगीवाचून दफनभूमीत किंवा ऐतिहासिक अथवा पुरातत्त्वीय स्थळी जिओकॅशिंग करणे हा गुन्हा ठरवावा, अशी त्याची मागणी होती. प्रतिनिधिगृहाने ते संमत केले. सिनेटमध्ये ते अडकले आणि कायदा झालाच नाही. देशभरातील खेळाडूंनी त्याला विरोध केला होता. एका निरुपद्रवी छंदावर सरकारचा एवढा राग का, असे त्यांना वाटत होते.

ते विधेयक मांडणाऱ्या लोकप्रतिनिधी ज्या ब्यूफर्ट भागातून निवडून आल्या होत्या, तो भाग नकाशावर जरूर पाहा. सेंट हेलेनासारख्या तिथल्या समुद्री बेटांवर गुल्ला लोकांची जुनी वस्ती आहे. भात आणि कापसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांच्या परंपरेत कबरीवर वस्तू ठेवतात : शिंपले, फुटकी भांडी, बाटल्या, दिवे, घड्याळे. मृताने अखेरच्या दिवसांत हाताळलेला पेला तेथेच ठेवायचा, तो घरी परत न्यायचा नाही. अनेक कबरींवर कोरलेली शिळा नसतेच. एखादा रानदगड, एखादे लावलेले झाड, एवढीच खूण.

आता या जागी खेळाचा तो सोपा नियम आठवा : काही घ्या, काही ठेवा. बाहेरून आलेल्या माणसाला झाडाखालची जुनी बाटली कचरा वाटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे बक्षीस वाटेल. त्याच्या हेतूत खोट नसेलही. परंतु येथे वस्तू ठेवण्याची एक भाषा आधीपासून बोलली जात होती आणि पाहुण्याला ती येत नव्हती. ओस दिसणारी जागा बेवारस असतेच असे नाही. माझ्या मते त्या विधेयकातील शिक्षेची तरतूद अतिरेकी होती, लेखी परवानगीची अट मात्र नव्हती.

कायदा झाला नाही, पण खेळाच्या रीती बदलत गेल्या. अल्मरची बादली अर्धी पुरलेली होती. आज अधिकृत नियमांनुसार जागामालकाची परवानगी आवश्यक असते आणि त्याच्या स्पष्ट संमतीवाचून डब्यासाठी जमीन खणता येत नाही. दफनभूमीच्या बाबतीत एक सुंदर तोडगा रूढ झाला. डबा आत ठेवायचाच नाही; तो फाटकाबाहेर किंवा रस्त्यापलीकडे ठेवायचा. तेथवर नेणारे आकडे मात्र कबरींवर शोधायचे. कोणाच्या मृत्यूचे वर्ष, कोणाच्या जन्माचा दिवस, हे जुळवले की अक्षांश-रेखांश पुरे होतात.

त्यात गंमतही आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक अमेरिकी शिळांवर जन्मतारीख नसते. मृत्यूची तारीख आणि वय तेवढे असते, तेही वर्षे, महिने आणि दिवस मोजून. समजा, शिळेवर १४ मार्च १८६१ ही तारीख आणि ३ वर्षे ५ महिने २० दिवस असे वय कोरले आहे. मागे मोजत गेल्यास जन्म निघतो २४ सप्टेंबर १८५७. कोडे सुटते आणि त्याच क्षणी ध्यानात येते, की हे पावणेचार वर्षांचेही मूल नव्हते. शेजारच्या शिळेवर त्याच महिन्याची तारीख असेल, तर घरात साथ शिरली होती काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. दिवस मोजून ठेवणाऱ्या आईबापांची ही वजाबाकी दीडशे वर्षांनी कोणी परका मनुष्य गवतात गुडघे टेकून करतो.

शिळा वाचण्याचेही शास्त्र आहे. स्लेटवरची अक्षरे दीर्घकाळ टिकतात. संगमरवर पावसातील आम्लाने झिजतो आणि कोरीव कोकरू साखरेच्या खेळण्यासारखे विरघळल्यागत दिसते. काही ठिकाणी निळसर-राखाडी ओतीव थडगी दिसतात. ती दगडाची नसून जस्ताची असतात आणि आतून पोकळ. विक्रेते त्यांना ‘पांढरे ब्राँझ’ म्हणत. पुसट अक्षरांवर खडू घासू नये, दाढीचा फेस लावू नये, तारेचा ब्रश तर मुळीच नको. आरशाने ऊन तिरके पाडावे, म्हणजे अक्षरे सावलीतून उठून येतात.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोचतो. हा सारा खेळ ज्या अक्षांश-रेखांशांवर उभा आहे, ते भारतभूमीवर काटेकोरपणे मोजण्याचे काम विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा आखून सुरू केले. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन तो त्रिकोणामागून त्रिकोण जोडत वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो मरण पावला आणि तेथेच त्याला पुरले. त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव पुढे जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. लॅम्टनचा मृत्युदिन नेमका ठाऊक आहे. जन्मवर्षाविषयी मात्र अभ्यासकांत आजही एकमत नाही. त्यामुळे वर सांगितलेली वजाबाकी त्याच्या बाबतीत करता येत नाही.