डायनॅमोची पारख

मोटारगाडीच्या बाल्यावस्थेंत तिच्यांतील विजेची पारख करण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. कारण पारखावी अशी वीजच तिच्यांत थोडी होती. सिलिंडरांतील वायूचा भडका उडविण्यापुरती ठिणगी मिळाली कीं काम भागे. दिवे रॉकेलचे किंवा कार्बाइडचे असत, आणि एंजिन सुरू होई तें माणसाच्या दंडाच्या जोरावर. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत एंजिनाच्या जड चक्रावर १६ लोहचुंबक बसविलेले होते; चक्र फिरे तोंवर वीज निर्माण होई, थांबलें कीं तीहि थांबे. शिल्लक टाकण्याची सोय नव्हती. शिवाय हँडल मारतांना एंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडण्याची भीति असे.

ही भीति दूर करण्याचें श्रेय मुख्यतः चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञाकडे जातें. ओहायओ संस्थानांतील डेटन येथें एडवर्ड डीड्स याच्या साहाय्यानें त्यानें १९०९ सालीं डेल्को ही कंपनी काढली. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलंड याच्यासाठीं त्यानें असें यंत्र तयार केलें कीं, बॅटरींतील वीज दिली असतां तें मोटरप्रमाणें फिरून एंजिन चालू करी. आणि एंजिन चालू झालें कीं तेंच यंत्र डायनॅमो होऊन खर्ची पडलेली वीज बॅटरीस परत देई. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ही योजना आली. पुढें बहुतेक कारखानदारांनीं मोटर आणि डायनॅमो वेगळे केले. पण गाडींत विजेचा जमाखर्च सुरू झाला तो कायमचा.

या जमाखर्चांत एक अडचण होती. एंजिनाचा वेग घडोघडीं बदलतो, आणि वेगाबरोबर डायनॅमोचा जोरहि बदलतो. त्याला आवर कसा घालावा? पुष्कळ वर्षें चाललेला उपाय म्हणजे तिसरा ब्रश. चुंबकाच्या वेटोळ्यांना वीज या ब्रशामार्फत मिळे. डायनॅमोंतून अधिक वीज वाहूं लागली कीं आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळें मूळचें चुंबकक्षेत्र एका बाजूस ओढलें जाई, तिसऱ्या ब्रशाचा दाब घटे आणि वीज आपोआप मर्यादेंत राही. १९२८ ते १९३१ या काळांतील फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडींत हीच व्यवस्था आहे.

परंतु बॅटरी रिकामी आहे कीं भरलेली, हें तिसऱ्या ब्रशास कळत नाहीं. म्हणून दिवसाच्या लांब प्रवासांत जाणते चालक मुद्दाम पुढचे दिवे लावीत, म्हणजे जादा वीज खर्ची पडून बॅटरींतील पाणी उडून जात नसे. नियंत्रणाचें अर्धें काम यंत्र करी, उरलेलें अर्धें माणूस करी.

या डायनॅमोची पारख अॅमीटरच्या काट्यावरून करावयाची असते. एंजिन बंद असतां दिवे लावले कीं काटा खर्चाकडे कलला पाहिजे. मग दिवे मालवून एंजिन सुरू करावें. वेग वाढतांच कटाउट नांवाची छोटी कळ मिटते आणि काटा जमेकडे सरकतो. मध्यम वेगांत तो सुमारें १० अँपिअर दाखवितो. वेग फार वाढविल्यास काटा थोडा मागें येतो. तो दोष नव्हे, तिसऱ्या ब्रशाचा स्वभावच आहे. मात्र एंजिन थांबविल्यावर, दिवे बंद असूनहि, काटा खर्चाच्या टोकास जाऊन बसला, तर कळ चिकटली असें समजून बॅटरीची तार तत्काळ सोडावी. नाहीं तर उभ्या गाडींत बॅटरी रिकामी होते आणि डायनॅमोहि जळूं शकतो.

उलट, एंजिन चालू असतां हीच तार सोडणें हा घात आहे. तिसऱ्या ब्रशाच्या डायनॅमोचा दाब बॅटरीच रोखून धरीत असते. ती दूर होतांच दाब उसळतो, दिवे फुटतात, वेटोळीं जळतात. पुढें १९६० च्या क्रायस्लर ‘व्हॅलियंट’ गाडींत ऑल्टरनेटर आला. बॅटरी सोडून पाहण्याची संवय तेथेंहि महाग पडते. त्यांतील सिलिकॉनचे डायोड दाबाच्या उसळीनें निकामी होतात. ऑल्टरनेटरवर हात बसलेला कारागीर ‘मॉडेल ए’ समोर आला कीं दुसरी चूक करतो. तो ठराविक व्होल्टांची अपेक्षा धरतो, आणि तेवढे न दिसल्यास चांगला डायनॅमो बाद ठरवितो. सहा व्होल्टांच्या या गाडींत धन टोक सांगाड्यास जोडलेलें असतें, याचाहि त्याला विसर पडतो.

जुन्या यंत्राचा न्याय त्याच्या काळच्या कायद्यानेंच झाला पाहिजे. शेवटची कसोटीहि त्या काळचीच आहे. एंजिन बंद ठेवून, डायनॅमोचा पट्टा काढून, कटाउटची कळ क्षणभर बोटानें मिटविली, तर निर्दोष डायनॅमो बॅटरीच्या जोरावर मोटरप्रमाणें फिरूं लागतो. वीज देणारें यंत्र वीज मिळाली कीं फिरतें, या ज्या गुणावर केटरिंगनें माणसाच्या मनगटाची सुटका केली, तोच गुण आजहि जुन्या डायनॅमोची साक्ष देतो.