हिंगण्याची झोपडी



उज्जयिनीत शिंदेशाहीपासून नांदत असलेल्या आमच्या घराण्याच्या वंशावळीत आजोबांच्या एका भगिनीचे नाव नाही. बालपणीच वैधव्य आलेली ती मुलगी सासरची राहिली नाही आणि माहेरचीही उरली नाही. तिच्या डोक्यावर छप्पर होते, पण तिला घर नव्हते. अशाच मुलींसाठी पुण्यास निघालेल्या एका संस्थेची वाढ कशी झाली, हा आजचा विषय आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास आले. परंतु १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादामुळे लोकांचा त्यावरील विश्वास उडाला. त्याच वर्षी तेथील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांचा बहिष्कार ओढवून घेतला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष होते. पदरचे हजार रुपये कर्व्यांनी आरंभीच दिले.

आश्रम प्रथम पुण्यातच होता. प्लेगच्या दिवसांत, १९०० मध्ये, तो गावाबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाले की कर्वे चिखल तुडवीत तेथे पायी जात. गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. आपल्याकडे संस्थापकाचे पुतळे उभे राहतात, वर्गणी मागणारीचे क्वचितच, असो.

या वाढीची किंमतही सांगितली पाहिजे. ज्या गृहस्थाने स्वतः पुनर्विवाह केला, त्याने आश्रम मात्र त्या चळवळीपासून कटाक्षाने अलग ठेवला. येथे शिक्षण मिळेल, विवाह जुळविला जाणार नाही, अशी हमी दिल्यावाचून सनातनी बाप आपली मुलगी धाडण्यास धजला नसता. प्रारंभी दार उघडले तेही मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीच. कित्येकांनी याला भित्रेपणा म्हटले. तो आक्षेप मला निखालस खोटा वाटत नाही. परंतु शारदासदनाची गत डोळ्यांसमोर असताना कर्व्यांपुढे दुसरी वाट फारशी नव्हती, असेही मी मानतो. एकदा मुलगी शिकून अध्यापिका झाली, की पुढचा निर्णय ती स्वतः घेऊ शकत होती.

१९०७ मध्ये अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय निघाले, १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. जे हिंगणे तेव्हा गावाबाहेर होते, ते आज पुण्याच्या ऐन वस्तीतील कर्वेनगर झाले आहे. आमच्या वंशावळीची नवी प्रत मी गेल्या वर्षी लिहविली. आजोबांच्या भगिनीचे नाव सांगू शकेल असे घरात कोणी उरले नव्हते. तेथे केवळ ‘कन्या’ एवढेच लिहिले आहे.